सुयांच्या गावाची गाडी

१८५३ साली दोन गोष्टी घडल्या. हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चापोटी साचलेल्या देण्यात निजामाने वऱ्हाड प्रांत ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केला. आणि लंडनच्या उत्तरेला एन्फिल्ड नावाच्या गावी जो सरकारी शस्त्रकारखाना होता, त्याची नवी रायफल इंग्रज सैन्यासाठी मंजूर झाली. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. पण आज साखरखेर्ड्याच्या बसस्टँडजवळ उभ्या असलेल्या एखाद्या बुलेट मोटारसायकलच्या टाकीवर जे नाव रंगवलेलं दिसतं, त्याचा माग काढत गेलं की या सालापाशीच थांबावं लागतं.

साखरखेर्डा त्या वऱ्हाडातलंच. आज सिंदखेडराजा तालुक्यात मोडणाऱ्या या गावी १७२४ साली निजाम-उल-मुल्काने दिल्लीच्या बाजूने लढणाऱ्या मुबारिजखानाचा पराभव केला, मुबारिजखान मारला गेला, आणि दख्खनचा कारभार दिल्लीच्या हातून सुटला. थोरल्या बाजीरावाची फौज त्या दिवशी निजामाच्या बाजूने होती. विजयानंतर निजामाने गावाचं नाव फत्तेखेर्डा ठेवलं. लोकांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. म्हणजे हैदराबादचं राज्य ज्या मातीवर उभं राहिलं, तीच माती सव्वाशे वर्षांनी कर्जापोटी इंग्रजांकडे गेली. त्यानंतर चारच वर्षांनी, १८५७ साली, एन्फिल्ड रायफलच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून बराकपूर आणि मेरठ पेटलं. एन्फिल्ड हे नाव या देशात पहिल्यांदा घुमलं ते असं. पुढच्या पिढ्यांतही ते पोलिसांच्या खांद्यावर राहिलंच, कारण आपल्याकडची ‘थ्री नॉट थ्री’ म्हणजे ली-एन्फिल्डच.

बंदुकीचं नाव मोटारसायकलला लागलं त्यामागे सुया बनवणारं एक गाव आहे. इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला रेडिच नावाचं गाव एकोणिसाव्या शतकात सुयांसाठी जगभर प्रसिद्ध होतं. शिवणाच्या सुया, गळ, आकडे हे सगळं तिथून बोटींनी जगभर जायचं. आपल्या आज्या-पणज्यांनी गोधड्या शिवल्या त्यांतल्या काही सुयाही तिथल्याच असणार. सुई ही दिसायला क्षुल्लक वस्तू, पण तार ओढणं, तिला पाणी देणं, टोक घासणं, नेढं पाडणं या प्रत्येक टप्प्यावर हात आणि डोळा तयार लागतो. अशा कारागिरांच्या गावी जॉर्ज टाउनसेंडचा सुयांचा कारखाना होता. सायकलींची लाट आली तशी त्याने सायकलचे सुटे भाग करायला घेतले. पुढे धंदा अडचणीत आला, आणि १८९१ च्या सुमारास अल्बर्ट ईडी आणि रॉबर्ट वॉकर स्मिथ या दोघांनी तो ताब्यात घेतला. त्यांना एन्फिल्डच्या त्या शस्त्रकारखान्याकडून रायफलीचे बारीक भाग पुरवण्याचं काम मिळालं. हे काम इतकं मानाचं वाटलं की त्यांनी आपल्या सायकलींना १८९३ पासून ‘रॉयल एन्फिल्ड’ म्हणायला सुरुवात केली. बोधचिन्हात तोफ आली, आणि गाडी बंदुकीसारखी घडवलेली आहे असं ब्रीदवाक्यही आलं.

१९०१ साली त्यांची पहिली मोटारसायकल निघाली. तिचं इंजिन हँडलच्या दांड्यापुढे, पुढच्या चाकावर बसवलेलं होतं, आणि तिथून कातडी पट्टा थेट मागच्या चाकापर्यंत जात होता. मधल्या तीस वर्षांत पुष्कळ गाड्या झाल्या. त्यांत इथे शिरत नाही. नोव्हेंबर १९३२ मध्ये लंडनच्या ऑलिम्पिया प्रदर्शनात ‘बुलेट’ नावाची गाडी मांडली गेली, २५०, ३५० आणि ५०० सीसीत. नाव तिथे जन्मलं. पण आपण जिला बुलेट म्हणतो तिचा सांगाडा दुसऱ्या महायुद्धानंतरचा आहे, आणि त्यातली एक गोष्ट आपल्या रस्त्यांच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे.

तोवरच्या बहुतेक मोटारसायकलींचं मागचं चाक चासीला घट्ट जखडलेलं असे. रस्त्यातला प्रत्येक खड्डा थेट चालवणाऱ्याच्या मणक्यात जायचा. आधार काय तो सीटखालच्या स्प्रिंगांचा. १९४८ साली रेडिचवाल्यांनी नव्या बुलेटला मागच्या बाजूला झुलता दांडा आणि दोन शॉकअप दिले. आज कुठल्याही शंभर सीसीच्या गाडीला असते तीच ही रचना, पण तेव्हा शर्यतीतली मंडळी तिच्याकडे संशयाने पाहत होती. मागचं चाक वरखाली हललं तर पकड सुटेल, असा समज होता. त्याच वर्षी इटलीत सान रेमोला सहा दिवसांची आंतरराष्ट्रीय खडतर शर्यत झाली. ब्रिटनच्या संघात दोन बुलेट होत्या आणि दोन्ही स्वारांना सुवर्णपदकं मिळाली. दगडधोंडे आणि चिखल यांतून चाललेल्या त्या सहा दिवसांनी बुलेटचं भारतातलं भविष्य ठरवलं असं मी मानतो. कारण थोड्याच वर्षांत आपल्या लष्कराला सरहद्दीवरच्या गस्तीसाठी मोटारसायकल हवी होती, आणि निवड या ३५० सीसी बुलेटची झाली. मद्रास मोटर्स या व्यापारी पेढीमार्फत मागणी गेली. १९५३ च्या सुरुवातीला रेडिचहून गाड्या येऊन दाखल झाल्या.

लष्कराला गाड्या पुरत नव्हत्या आणि सरकारला परकीय चलन बाहेर जाऊ द्यायचं नव्हतं. म्हणून १९५५ साली रेडिचची कंपनी आणि मद्रास मोटर्स यांनी मिळून एन्फिल्ड इंडिया काढली. मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला कारखाना उभा राहिला. पहिल्या वर्षी, १९५६ साली, इंग्लंडहून आलेले सुटे भाग जोडून १६३ बुलेट तयार झाल्या. १९६२ पर्यंत सगळे भाग इथेच बनायला लागले. तिकडे इंग्रज मोटारसायकलींचा बाजार उतरणीला लागला. १९६९ साली होंडाची चार सिलिंडरची, डिस्क ब्रेकची आणि बटणावर सुरू होणारी गाडी आली तेव्हा उरलंसुरलं संपलं. रेडिचचा कारखाना त्याआधीच, १९६७ साली, बंद झाला होता, आणि १९७० साली इंग्लंडातली शेवटची रॉयल एन्फिल्ड बाहेर पडली. रेडिचला आज सुयांचं संग्रहालय आहे. कारखान्याच्या जागेवर औद्योगिक वसाहत आहे, तिच्या नावात एन्फिल्ड तेवढं राहिलंय.

बुलेट मात्र मद्रासला बनतच राहिली. जगात एखाद्या गाडीचा साचा दहा-बारा वर्षांत मोडीत निघतो. हा साचा अर्धशतकाहून जास्त चालला. त्याचं श्रेय कुणाला द्यायचं? परवान्यांच्या राज्यात बाहेरची गाडी येऊ शकत नव्हती, बाजारात एन्फिल्ड, जावा-येझदी आणि राजदूत एवढीच नावं होती, म्हणून बदलायची गरज पडली नाही, हे उत्तर खरं आहे आणि ते टाळून पुढे जाता येणार नाही. पण ते पुरेसं नाही. १९८४-८५ मध्ये सुझुकी आणि होंडाच्या शंभर सीसीच्या गाड्या आल्या, लिटरमागे किती किलोमीटर हा एकच हिशेब सगळीकडे होऊ लागला, त्यानंतरही बुलेट उरली. परवाना संपल्यावरही जी वस्तू उरते, तिला कुणीतरी रोज वापरात ठेवलेलं असतं. ते कोण होते हे साखरखेर्ड्यासारख्या गावातच कळतं.

या गावाला रेल्वे नाही. चिखली-मेहकर रस्त्यावरच्या लव्हाळ्यापासून आत वळायचं, नाहीतर दक्षिणेकडे सिंदखेडराजाची वाट धरायची. भोवती काळी जमीन. कापूस, तूर आणि गेल्या काही दशकांत सोयाबीन. पावसाळ्यात शेतरस्त्याची ही माती चाकाला अशी लपेटते की हलक्या गाडीचं मडगार्ड आणि टायर यांत बोट शिरायला जागा उरत नाही. जुन्या काळी इकडे बुलेट असे ती पाटलाकडे, ठेकेदाराकडे, जिनिंगवाल्याकडे, डॉक्टरकडे, नाहीतर ठाण्यात. काही गाड्या लष्कराच्या लिलावातून घेतलेल्या, हिरवा रंग खरवडून काळ्या केलेल्या. त्यांच्यामागे खताची गोणी बसे, दोन माणसं बसत, दुधाचे कॅन लटकत, वेळप्रसंगी बाळंतीणही आधार धरून तालुक्याच्या दवाखान्यात जाई. वजन वाढलं म्हणून गाडीने तक्रार केली नाही, यामागे इंजिनाचं एक गणित आहे.

बुलेटच्या जुन्या इंजिनात पिस्टनचा व्यास ७० मिलिमीटर आणि त्याची धाव ९० मिलिमीटर. धाव व्यासापेक्षा बरीच लांब. अशा इंजिनाचा दट्ट्या कमी फेऱ्यांवरच भरपूर जोर देतो, पण फार वेगाने फिरू शकत नाही. त्याला साथ म्हणून आत जड फ्लायव्हील, एकदा फिरायला लागलं की सहज न थांबणारं. त्यामुळे वरच्या गिअरमध्ये, बैलगाडीपेक्षा थोड्याच जास्त वेगावर, चिखलातून ही गाडी डुगडुगत निघते, क्लच दाबत बसावं लागत नाही. तिचा तो प्रसिद्ध आवाजही यातूनच आला आहे. एकच मोठा सिलिंडर, दर दोन फेऱ्यांना एक स्फोट. निवांत उभी असताना मिनिटाला हजारेक फेऱ्या धरल्या तर सेकंदाला आठ ठोके. एवढे सुटे ठोके कानाला वेगळे ओळखू येतात, छातीलाही जाणवतात. हा आवाज कुणी मुद्दाम रचलेला नव्हता. लांब धावेच्या इंजिनाने काम करताना केलेला तो आवाज आहे.

म्हणूनच सायलेन्सर बदलून फटाके फोडत गावातून जाणाऱ्या पोरांचं मला वाईट वाटतं. त्यात बुलेटपण काही नाही. रेडिचच्या आणि मद्रासच्या इंजिनियरांनी जो ठोका पन्नास वर्षं सांभाळला, तो त्या गोंगाटात पहिल्यांदा मरतो, आणि परीक्षेला बसलेल्या मुलांना, आजारी माणसांना त्रास होतो तो वेगळाच. पुण्या-नागपुरात पोलिसांनी असे सायलेन्सर रस्त्यावर मांडून वरून रोडरोलर फिरवला, ते योग्यच केलं.

जुनी बुलेट सुरू करणं ही एक विद्या होती आणि ती शिकवली जायची. हेडलाइटच्या वर, टोपीसारख्या घडवलेल्या पत्र्यात, स्पीडोमीटरसोबत एक छोटा अँपिअर मीटर असे. चावी फिरवली की त्याची सुई डावीकडे झुकायची. पायाने किक हळू दाबत न्यायची. एका जागी ती अडते, तिथे सिलिंडरमधली हवा पूर्ण दाबली गेलेली असते. मग हँडलच्या डाव्या बाजूची लहान खिट्टी ओढायची, म्हणजे दाबलेली हवा थोडी सुटते आणि पिस्टन टोकाच्या जरासा पुढे सरकतो. त्याच क्षणी ठिणगी पाडणारे आतले पॉइंट उघडतात, वीज तुटते, आणि मीटरची सुई मध्यावर येते. आता खिट्टी सोडायची, किक वर येऊ द्यायची, आणि एकच भरदार किक. मिस्त्री नवख्याला सांगायचा ते एवढंच: “भाऊ, सुई मधात येऊ द्या, मंग मारा किक.” सुईकडे न बघता नुसत्या ताकदीवर मारली तर किक उलट येते आणि नडगी सुजते. अंगापिंडाने किरकोळ माणूस, अगदी बारीक अंगाची बाईसुद्धा, ही रीत कळली तर पहिल्या किकमध्ये बुलेट सुरू करू शकते, आणि पैलवान दहा किकांनी घामाघूम होतो. ही गाडी दंडाची नसून कानाची आणि डोळ्याची आहे, हे ज्यांनी ती वापरली ते जाणतात.

तिची आणखी एक रीत होती. गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या. इंग्रजी गाड्यांची ती जुनी पद्धत. गिअरबॉक्सवर टाचेजवळ एक वेगळा दांडा असे, तो दाबला की तिसऱ्या-चौथ्यातूनही गाडी सरळ न्यूट्रल व्हायची. एसटी अचानक आडवी आली की नवशिक्याचा पाय चुकायचा. पण एकदा सवय जडली की उरलेल्या साऱ्या गाड्या उलट्या वाटत.

या कुळात एक शाखा अशी निघाली की तिच्याशिवाय विदर्भ-मराठवाड्यातली बुलेटची गोष्ट पुरी होत नाही. ती डिझेल बुलेट. १९९३ मध्ये एन्फिल्ड इंडियाने ३२५ सीसीचं डिझेल इंजिन बुलेटच्या चासीत बसवून विकायला काढलं. मोठ्या संख्येने बनलेली जगातली ही पहिली डिझेल मोटारसायकल. इंजिन इटलीच्या लोम्बार्दिनी कंपनीच्या आराखड्याचं, मूळचं शेतीपंप आणि जनरेटरच्या कामाचं. ताकद जेमतेम साडेसहा अश्वशक्ती. वेग फार तर साठ-पासष्टचा, हादरे असे की आरशात मागचा रस्ता नुसता थरथरताना दिसायचा. पण लिटरला सत्तर किलोमीटरच्या आसपास जायची, तीही स्वस्त डिझेलवर. आणि ज्याच्या विहिरीवर डिझेल इंजिन होतं त्याला हिच्यात नवं असं काही नव्हतं. इंजेक्टर काढून साफ करणं, पाइपात शिरलेली हवा काढणं ही कामं तो मळ्यात करतच होता. दूधवाले, फेरीवाले, कापसाचे दलाल यांनी ती खूप वापरली. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले आणि गेल्या शतकाच्या अखेरीस तिचं बनणं थांबलं. मोटारसायकलींवर लिहिणारे तिला गमतीची गाडी म्हणून दोन ओळींत उरकतात ते मला पटत नाही. मोटारसायकल ही शेतीच्या अवजारांपैकी एक आहे, हे भारतात सर्वांत स्पष्ट कुणी सांगितलं असेल तर ते या गाडीने.

डिझेल बुलेट आली तेव्हा कंपनी स्वतः संकटात होती. १९९४ मध्ये ट्रॅक्टर आणि ट्रक बनवणाऱ्या आयशरने ती घेतली, आणि नाव पुन्हा रॉयल एन्फिल्ड झालं. तरी २००० साली महिन्याला दोन हजारांच्या आसपासच गाड्या खपत होत्या. कारखाना विकावा किंवा बंद करावा, असा विचार सुरू झाला. आयशरचे विक्रम लाल यांचे चिरंजीव सिद्धार्थ लाल यांनी, वयाच्या विशीत, थोडी मुदत मागून घेतली. पुढे जे बदल झाले ते करताना त्यांना जुन्या ग्राहकांचाच विरोध सोसावा लागला. गिअर डाव्या पायात आला. किकसोबत बटण आलं. ऑस्ट्रियाच्या एव्हीएल कंपनीच्या मदतीने इंजिन ॲल्युमिनियमचं झालं. त्यानंतर इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कवचात आणलेलं नवं इंजिन आलं, आणि ओतीव लोखंडाचं जुनं इंजिन २०१० च्या सुमारास थांबलं. २००९ मध्ये भारतात ‘क्लासिक’ विक्रीला आली. तिचा आकार १९४० च्या दशकाच्या शेवटी रेडिचला बनलेल्या गाड्यांवरून घेतला होता. शहरातल्या तरुणांनी ती उचलून धरली, आणि जुनं दिसणं ही विकत घ्यायची गोष्ट झाली. २०२४-२५ या आर्थिक वर्षात कंपनीचा वर्षाचा खप दहा लाखांच्या वर गेला.

बुलेटसोबत रॉयल एन्फिल्डने क्रूझर, म्हणजे लांब पल्ल्याची ऐसपैस गाडीही काढली. क्रूझरचं मूळ इंग्लंडच्याही पलीकडचं, अमेरिकेतलं. सरळसोट, शेकडो मैलांचे रस्ते. म्हणून सीट खाली, हँडल वर आणि मागे ओढलेलं, पाय पुढे पसरलेले. इंग्रज कंपन्या युद्धानंतर डॉलर मिळवण्यासाठी अमेरिकेत गाड्या विकत होत्या आणि तिथल्या आवडीने त्यांचं रूप बदलत गेलं. ट्रायम्फने १९४९ मध्ये ‘थंडरबर्ड’ काढली ती त्याच बाजारासाठी. २००२ मध्ये रॉयल एन्फिल्डने आपल्या क्रूझरला थंडरबर्ड हेच नाव दिलं, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये तिच्या जागी ‘मीटिऑर ३५०’ आली. मीटिऑर हे नावही रेडिचच्या १९५० च्या दशकातल्या एका गाडीचं. नव्या गाडीवर तामिळनाडूतल्या आणि इंग्लंडात ब्रंटिंगथॉर्प इथल्या इंजिनियरांनी मिळून काम केलं. इंजिन ३४९ सीसीचं, व्यास ७२ आणि धाव ८५.८ मिलिमीटर. धाव अजूनही व्यासापेक्षा लांबच ठेवली आहे. हादरे मारायला आत वेगळा दांडा बसवला आहे, त्यामुळे हात बधिर होत नाहीत, पण ठोका राहिला आहे.

ही गाडी आमच्या भागात कशी वाटते? सिंदखेडराजाहून दुसरबीड, बीबी, सुलतानपूर करत मेहकरला जाणाऱ्या जुन्या नागपूर रस्त्यावर ती सुखाची आहे. ७६५ मिलिमीटर उंचीची सीट, त्यामुळे बुटक्या माणसाचेही दोन्ही पाय जमिनीला पुरे टेकतात. १९१ किलो वजन चालताना जाणवत नाही. सत्तर-ऐंशीच्या वेगाला इंजिन शांत असतं, दोन्ही बाजूंची तूर आणि कपाशी बघत जाता येतं, लोणारला वळायचं तर सुलतानपूर फाट्याला वळता येतं. जवळूनच समृद्धी महामार्ग गेला आहे, पण त्यावर दुचाकीला मनाई असल्यामुळे आमचा रस्ता जुनाच. १२ जानेवारीला जिजाऊ जन्मोत्सवासाठी याच रस्त्याने दुचाकींच्या रांगा सिंदखेडराजाकडे लागतात, आणि त्यांत भगवे झेंडे लावलेल्या बुलेट डोळ्यांत भरतात.

मुख्य रस्ता सोडून गावरस्त्याला लागलं की तिची उणीव कळते. खड्डा आला तर जुन्या बुलेटवर माणूस पायदांड्यांवर उभा राहू शके, कारण पाय बुडाखाली असत. क्रूझरवर पाय पुढे असतात, उठायला आधार मिळत नाही, सगळा दणका कंबरेला बसतो. शेतात जाणाऱ्याने मीटिऑर घेऊ नये, साधी बुलेट घ्यावी, असं मी विचारणाऱ्याला सांगतो. एका बाबतीत मात्र नवी गाडी सरळ पुढे गेली आहे. तिला मॅगव्हील आणि ट्यूबलेस टायर आहेत. जुन्या बुलेटचं मागचं चाक पंक्चर झालं की चाक सोडवून ट्यूब दुरुस्त करत बसावं लागे. बाभळीच्या काट्यांच्या मुलखात हा त्रास लहान नव्हता.

जुन्या इंग्रजी नावांच्या गाड्या आता एकट्या तामिळनाडूत बनत नाहीत. ट्रायम्फ ही रॉयल एन्फिल्डची जन्माची प्रतिस्पर्धी. कॉव्हेंट्रीची, १९०२ पासून मोटारसायकली बनवणारी, १९८३ मध्ये बंद पडलेली आणि जॉन ब्लूर यांनी हिंक्लीला पुन्हा उभी केलेली. २०१७ मध्ये तिने बजाज ऑटोशी हातमिळवणीची घोषणा केली, आणि २०२३ मध्ये ‘स्पीड ४००’ आणि ‘स्क्रॅम्बलर ४०० एक्स’ बाजारात आल्या. आराखडा हिंक्लीचा, बनतात पुण्याजवळ चाकणला. बजाज घराण्याचं बूड आपल्या विदर्भातलं, संस्थापक जमनालालजी बजाज यांच्या वर्ध्याचं. बर्मिंगहॅमची बीएसए ही जुनी कंपनी महिंद्रा समूहाच्या क्लासिक लेजंड्सने २०१६ मध्ये घेतली. नॉर्टन २०२० मध्ये टीव्हीएसने घेतली. बीएसए या अक्षरांतही बर्मिंगहॅमची शस्त्रंच आहेत. तिचीही सुरुवात बंदुकांपासून झाली होती. एन्फिल्ड इंडियाने तर १९७७ सालीच बुलेट इंग्लंडला पाठवायला सुरुवात केली होती. रेडिचचा कारखाना बंद होऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती.

हे सगळं सांगताना कंपन्यांची आणि मालकांची नावं येतात, कारण ती नोंदलेली आहेत. ज्यांची नोंद नाही ते मिस्त्री. मधल्या कठीण चाळीस वर्षांत तालुक्याच्या गावी पत्र्याच्या शेडमध्ये बसून त्यांनीच ही गाडी जिवंत ठेवली. पॉइंटमधली फट ते सिगारेटच्या पाकिटाच्या कागदाने मोजत, टॅपेट कानाने लावत, बोअर झालेल्या सिलिंडरला नवा पिस्टन बसवत. त्यांना हे करता आलं याचं कारण साचा बदलला नव्हता. १९६० च्या दशकातल्या गाडीला नव्वदच्या दशकातले कितीतरी भाग चालत. एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू झाले, नव्या गाड्यांना कार्बोरेटर राहिला नाही, दोष शोधायला संगणकाची वायर जोडावी लागते. नवी पोरं ते शिकत आहेत, आणि शिकायलाच हवं. जुन्या लोखंडी इंजिनांचं काम मात्र ज्यांच्या हातात होतं ते आता साठीच्या पुढे आहेत, आणि त्यांच्याजवळ बसून पॉइंट लावायला शिकणारं कुणी असेल तर त्याने उशीर करू नये. सामानाची अडचण नाही. पिस्टन, व्हॉल्व्ह, क्लचप्लेटा, पॉइंट, अँपिअर मीटरसुद्धा लहान कारखानदार अजून बनवतात. दिल्लीच्या करोल बागेतले दुकानदार ते कुरिअरने पाठवतात, आणि चिखली-मेहकरच्या स्पेअर पार्टवाल्याला सांगून ठेवलं तर तो आपल्या मालासोबत मागवून देतो.